वातकुक्कुट गरगर का फिरतो? पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी वारा-पावसाची साधनं

पहिलीच्या बाई, परतूर
आमच्याकडे पहिली-दुसरी एकत्र बसते. शाळा उघडल्यापासून लेकरांकडून रोज हवामानाची नोंद करून घ्यायची आहे. पुठ्ठा, स्ट्रॉ आणि टाचणीचा वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, व्हरांड्यासमोर लावलाय, पण तो स्थिर होतच नाही, नुसता गरगर फिरतो. बाण पश्चिमेकडे दिसला की लेकरं म्हणतात, वारा पश्चिमेला चाललाय. बाटलीचं पर्जन्यमापकही करायचंय. मापं आणि जागा नेमकी सांगा.

विज्ञान पेटी, लातूर
बाई, आधी जागा बदला. वारा भिंतीवर आदळून व्हरांड्यासमोर भोवरे धरतो, तिथं चांगला वातकुक्कुटही फिरतच राहणार. इमारतीच्या उंचीच्या दहापट लांब मोकळी जागा मिळाली तर उत्तम. नसेल तर मैदानाचा सगळ्यात उघडा कोपरा घ्या.

टाचणी काढून टाका. स्ट्रॉचं भोक मोठं होतं आणि बाण डुगडुगतो. त्यापेक्षा 30 सेंमीची बांबूची काडी घ्या. पुढं 5 सेंमीचा त्रिकोण, मागं 10 × 10 सेंमीचा चौकोनी पुठ्ठा चिकटवा. शेपूट मोठी हवीच. वारा मोठ्या भागाला मागं ढकलतो, म्हणून टोक वाऱ्याकडे वळतं. दोन्ही बाजू सारख्या असतील तर बाण गोंधळतो.

आता काडी बोटावर तोला. ती जिथं आडवी राहते तिथं बॉलपेनचं टोपण, तोंड खाली करून, दोऱ्यानं घट्ट बांधा. ही जागा शेपटीकडे सरकलेली असते. लोक मोजून मधोमध बांधतात, मग काडी कलते आणि टोपण खिळ्याला घासतं. काठीच्या डोक्यात उभ्या ठोकलेल्या खिळ्यावर टोपण नुसतं ठेवा. टोपणाला भोक असेल तर आतून बुजवून घ्या. पुठ्ठ्यावर आधीच मेणबत्ती घासा, नाहीतर पहिल्याच सरीत लोळागोळा.

माजी केंद्रप्रमुख, औसा
लेकरं वाऱ्याची दिशा उलट सांगतात, ही अडचण बाणानं सुटत नाही, अंगानं सुटते. लेकरांना डोळे मिटून हळूहळू वळायला सांगा. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला आणि वारा चेहऱ्यावर लागला की तोंड वारा येतो तिकडे असतं. मग ‘कुठून आला?’ एवढंच विचारायचं. ‘कुठं चालला?’ हा प्रश्न पहिले काही आठवडे विचारूच नका.

दुसरं म्हणजे उपणणी. मूठभर ज्वारी आणि भूस मिसळून लेकराच्या डोक्याच्या उंचीवरून सोडा. दाणे पायाशी पडतात, भूस लांब जातं. भूस गेलं त्याच्या उलट बाजूनं वारा आला. खळं पाहिलेल्या लेकराला यापुढं समजावायची गरज पडत नाही.

दिशा मात्र ‘सूर्य उगवतो ती पूर्व’ अशी आखू नका. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो. मैदानात उभ्या काठीभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथं एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथं दुसरी. दोन्ही जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. सकाळची खूण पश्चिमेची. हे ढग येण्याआधी, उन्हाच्या दिवशीच उरकून घ्या.

पाऊस नोंद, उमरगा
पर्जन्यमापकात मुख्य घोळ बाटलीच्या तळाचा. तळ खाचांचा असतो, तिथून मोजलं तर माप चुकतं. सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. तळात खडे टाका आणि सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा. तिथं शून्याची खूण, तिथून वर मिलिमीटर. पट्टी चिकटवताना तिचा शून्य या खुणेवर आणा. बहुतेक पट्ट्यांत कडेला थोडी जागा सोडलेली असते.

बाटली हलणार नाही अशी पक्की बसवा, तोंड जमिनीपासून 30 सेंमी वर ठेवा, म्हणजे उडालेला चिखल आत जात नाही. पत्र्याच्या पागोळ्या आणि झाड दोन्हींपासून लांब. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खातंही तेव्हाच मोजतं. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणा. उघडीप असताना पाणी उडून पातळी खाली जाते. तसंच सोडलं तर पुढची सर कमी भरते.

पाऊस नसला तरी ‘0’ लिहायचाच. आपल्या भागात पावसाची ओढ हीसुद्धा नोंद आहे, आणि ती लेकरांच्या तक्त्यात दिसायला हवी.

पहिलीच्या बाई, परतूर
खूप मदत झाली. वाऱ्याचा जोर कसा नोंदवू? आकडे लेकरांना जमणार नाहीत.

माजी केंद्रप्रमुख, औसा
चार चित्रं पुरेत: चुलीचा धूर सरळ वर, कडुलिंबाची पानं सळसळतात, धूळ-कागद उडतात, लहान झाडं डोलतात. पिंपळ धरू नका. त्याचे देठ लांब आणि बारीक, नुसत्या झुळकीनंही पानं हलतात. लेकरं रोज ‘जोराचा वारा’ लिहितील.

आणि गडगडाट कानावर आला की नोंद तिथंच सोडून सगळ्यांना पक्क्या खोलीत घ्या. झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं कुणी मैदानात जायचं नाही, बाटली वाचायची राहिली तरी.