आईचा फ्लॅट तिघांत वाटायचाय, किंमत कोणती धरायची?

शेवगा
कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट, आईच्या एकटीच्या नावावर, खरेदी १९८८ची. चार मजली इमारत, लिफ्ट नाही. आईचं मृत्युपत्र नाही, बाबा आधीच गेले. धाकट्याला फ्लॅट ठेवून मला आणि ताईला पैसे द्यायचेत. ताई न्यू जर्सीत असते. धाकटा म्हणतो रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) करू, एजंट त्याच्या दीडपट सांगतो. कुणाचं धरायचं?

मोजपट्टी
दोघांचंही नाही. रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो. एका मूल्य विभागाला एकच दर, मग फ्लॅट हमरस्त्यावर असो की बोळात. एजंट सांगतो ती मागणीची किंमत, सौद्याची नव्हे.

आयकर विभागाकडे नोंद असलेला मूल्यांकनकार नेमा आणि नेमणूकपत्रावर तिघांच्याही सह्या घ्या. एकट्या धाकट्याने नेमला तर चोख अहवालावरही पुढे वाद होतो. फी ठरावीक ठेवा, किमतीच्या टक्केवारीत नको. करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती तयार ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ क्षेत्रफळात होतो. जुन्या करारात बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र लिहिलेलं असतं; कार्पेट म्हणजे आतलं वापराचं. ६५० चौ. फूट बिल्टअप म्हणजे १.२ ने भागून साधारण ५४२ कार्पेट. कार्पेटचा दर चुकून ६५०ला लावला की किंमत थेट २० टक्के फुगते. म्हणून टेप लावून मोजायला सांगा, बंदिस्त केलेली बाल्कनी वेगळी दाखवायला सांगा. तुलनेसाठी आजूबाजूच्या तीन-चार व्यवहारांचे वर्षभरातले इंडेक्स टू अहवालाला जोडून मागा. ते नसतील तर तो अहवाल नव्हे, अंदाज.

खातेवही
कोणत्या तारखेची किंमत, हे आधी ठरवा. तुमच्या बाबतीत तारखा तीन आहेत.

वाटणीला आजची. भारतातल्या भांडवली नफ्याला १ एप्रिल २००१ची, कारण खरेदी त्याआधीची आहे आणि वारसाला आईचीच खरेदी किंमत व तारीख लागू होते. हे २००१चं मूल्य त्या दिवशीच्या रेडी रेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही. आई गेल्या दिवशीची किंमत इथल्या करात कुठेच लागत नाही. इस्टेट ड्युटी १९८५मध्येच गेली. पण ताई अमेरिकेत कर भरते, आणि तिथे नेमकी तीच लागते. मूल्यांकनकाराकडून एकाच भेटीत तिन्ही आकडे घ्या. ताईचा वाटा एक लाख डॉलरच्या वर जात असेल तर तिला तिकडे परदेशी वारशाची माहिती देणारा फॉर्म ३५२० भरावा लागेल.

कराचा नमुना, पूर्ण फ्लॅटचा, सेस सोडून: २००१चं मूल्य ९ लाख, आजचं ९० लाख. २०२५-२६च्या ३७६ या महागाई निर्देशांकाने (२००१-०२चा १००) ९चे ३३.८४ होतात, उरलेल्यावर २० टक्के म्हणजे ११.२३ लाख. ही महागाईची वाढ (इंडेक्सेशन) सोडली तर ८१ लाखांवर १२.५ टक्के, १०.१३ लाख. तुम्ही भारतात निवासी असाल तर कमी येईल तो भरायचा. ताईला ही निवड नाही, तिला १२.५च.

शेवगा
म्हणजे आम्हालाही कर? हक्कसोडपत्र तर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं ना?

खातेवही
पैसे घेऊन हक्क सोडलात की ते हस्तांतरण, नफा तुमच्या दोघांच्या हिश्शावर. 'विनामोबदला' लिहून बँकेतून पैसे फिरवू नका, खात्यातली नोंद बोलते. मोबदला असताना मुद्रांक ५००तच बसेल असं धरू नका; आधी अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती ते मुद्रांक कार्यालयाकडून ठरवून घ्या. ताईचे पैसे देताना टीडीएस कापायची जबाबदारी धाकट्याची. विसरला तर वसुली त्याच्याकडून होते.

मोजपट्टी
एक राहिलं. एवढी जुनी, बिनलिफ्टची इमारत म्हणजे पुनर्विकास आज ना उद्या येणार. मूल्यांकनकार आजचा फ्लॅट मोजतो, उद्याचं वाढीव क्षेत्र त्यात नसतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मागवा, मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का बघा. विषय पटलावर असेल तर करारातच लिहा: अमुक वर्षांत विकासकाशी करार झाला तर जास्तीच्या कार्पेटची किंमत तिघांत.