जुने जेट प्रवासी विमान संग्रहालयासाठी टिकवायचे तर आधी काय करावे?

माध्यमिक शिक्षक, आर्वी तालुका

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत इतिहास शिकवतो. १९९१ साली नागपूरच्या विमानतळावर उतरलेले आणि त्यानंतर पुन्हा कधीच न उडालेले बोइंग ७२० हे जुने जेट प्रवासी विमान येथील अनेकांना ठाऊक असेल. २०१५ मध्ये ते धावपट्टीजवळून बाजूला हलवण्यात आले. या जातीच्या विमानाचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९५९ मध्ये झाले आणि एकूण १५४ विमानेच बनली, हे वाचल्यापासून असे एखादे विमान विदर्भातील मुलांना जवळून पाहता यावे असे मला मनापासून वाटते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा चारही महानगरांची विमाने ज्या नागपुरात एकत्र येत, त्या शहराजवळ हवाई वाहतुकीचे संग्रहालय शोभून दिसेल. आमच्या गावातील काही जाणकारांचे म्हणणे असे की, चौकाचौकांत चबुतऱ्यावर हवाई दलाची विमाने उभी असतात तसे रंग देऊन मैदानात ठेवले की झाले. एवढे पुरेसे आहे का?

निवृत्त विमान तंत्रज्ञ, दारव्हा

सर, पुरेसे नाही, आणि रंग तर सर्वांत शेवटी येतो. मृगाचा पाऊस लागण्याआधी आपण घर शाकारतो, भिंती नंतर सारवतो. येथेही क्रम तोच आहे. प्रवासी विमानाचे धड म्हणजे एकमेकांवर चढवून रिव्हेटांनी (ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी) जोडलेले ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पातळ पत्रे असतात. पाणी या जोडांत शिरते, उन्हाने बाहेरचा पत्रा वाळला तरी आत ओल राहते, आणि गंज आतून वाढत जातो. ॲल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पत्रे फुगतात आणि रिव्हेटांची डोकी तुटून निघतात. जेथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो तेथे ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. बाहेरून चकचकीत दिसणारे विमान आतून पोखरलेले असू शकते ते यामुळेच.

सर्वांत वाईट अवस्था बहुधा प्रसाधनगृहाच्या आणि स्वयंपाकाच्या जागेच्या खालच्या फरशीची असते, कारण विमान उडत होते तेव्हापासून तेथे पाणी सांडत आलेले असते. धडाच्या पोटाला पाणी जाण्यासाठी छिद्रे असतात. ती धूळ, मेलेले किडे आणि पक्ष्यांच्या घरट्यांतील काडीकचऱ्याने बुजतात. म्हणून माझ्या मते पहिल्याच दिवशी ही छिद्रे मोकळी करावीत, इंजिनांच्या तोंडांना जाळ्या बसवाव्यात, पक्ष्यांची विष्ठा सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन काढावी आणि लोखंडी तारेचा ब्रश कोणालाही हातात घेऊ देऊ नये. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळणे हा उपाय वाटतो खरा, पण तिच्या आत दव धरते आणि नुकसान दुप्पट होते. वजन टायरांवर न ठेवता जॅकच्या आधारांवर घ्यावे. इंजिने उतरवली असतील तर तोल बदललेला असतो, म्हणून शेपटीखालीही आधार हवा, आणि वैशाखातील वावटळी लक्षात घेऊन विमान जमिनीला बांधलेले असावे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. त्या काळच्या काही विमानांत अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियमयुक्त रंग असे, काही भागांत ॲस्बेस्टॉस असे आणि गंजरोधक अस्तरात क्रोमेट हे विषारी रसायन असे. तज्ज्ञाने तपासल्याशिवाय मुलांना आत नेऊ नये, आणि जुना रंग कोरडा घासून काढू नये.

संग्रहालयशास्त्राची विद्यार्थिनी, अचलपूर

काकांच्या मुद्द्यांना जोडून एक विनंती आहे: काहीही हलवण्याआधी प्रत्येक भागाची छायाचित्रे आणि नोंदी घ्याव्यात. असे विमान हा स्वतःच एक दस्तऐवज असतो. जगातील पहिले जेट प्रवासी विमान असलेले कॉमेट मे १९५२ मध्ये सेवेत आले आणि १९५४ मध्ये भूमध्य समुद्रावर दोन विमाने हवेतच फुटली. इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला गेला. प्रत्यक्ष आणि कृत्रिम मिळून ३,०५७ उड्डाणांनंतर ते फाटले आणि धातूच्या थकव्याचे, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून धातूला तडे जाण्याचे, कारण पुढे आले. लंडनजवळच्या डी हॅविलंड (कॉमेट बनवणारी कंपनी) संग्रहालयात चौकोनी खिडक्यांच्या सुरुवातीच्या कॉमेटचे पंखांविना धड जपलेले आहे. तेथे कोणी नवे पत्रे बसवून ते अधिक देखणे केले असते, तर त्या धडाकडून शिकण्यासारखे फारसे उरले नसते. म्हणून मूळ पत्रा, मूळ आसने आणि जुन्या रंगाचे थर शक्य तेवढे राहू द्यावेत.

शेतकरी, साकोली

ताई, मुद्दा पटतो. पण सुमारे ४१ मीटर लांब आणि ४० मीटर पंखविस्ताराच्या वस्तूवर छप्पर घालायला पैसा कोठून येणार? अमेरिकेत तर विमाने उघड्यावरच ठेवतात.

निवृत्त विमान तंत्रज्ञ, दारव्हा

भाऊ, ती वाळवंटात ठेवतात. बोइंग ७०७ चा मूळ नमुना १९७२ पासून ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत अनेक वर्षे उभा होता, तरी त्यावर पुढे मोठे काम करावे लागले आणि २००३ मध्ये तो वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयात छपराखाली गेला. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. ती तुलना येथे लागू होत नाही.

पैसा कमी असेल तर कॉकपिटसह धडाचा पुढचा भाग छपराखाली घ्यावा. अनेक संग्रहालयांनी अशी केवळ पुढची तोंडे जपली आहेत. अख्खे विमान उघड्यावर कुजण्यापेक्षा मी हे पसंत करीन. मात्र तो भाग कारखान्यातील मूळ सांध्यावर सोडवावा, करवतीने कापू नये.

संग्रहालयशास्त्राची विद्यार्थिनी, अचलपूर

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. मागे वळलेले पंख आणि त्यांखाली टांगलेली इंजिने यांतूनच त्या पिढीच्या विमानाची रचना कळते, म्हणून निदान एक पंख आणि एक इंजिन सोबत ठेवावे. उरलेले भाग क्रमांक घालून कोरड्या गोदामात राहू शकतात.

माध्यमिक शिक्षक, आर्वी तालुका

आपणा सर्वांचा आभारी आहे. विमान कोणाच्या मालकीचे आहे आणि ते मिळू शकते का, याची लेखी विचारणा आम्ही ग्रामसभेच्या ठरावासह करू. त्या पत्रात रंगाऐवजी छप्पर, नोंदी आणि तज्ज्ञांची तपासणी यांसाठी निधी मागू. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातील विमान दुरुस्ती केंद्रातील तंत्रज्ञ एखादा दिवस पाहणीसाठी येऊ शकतील का, हे येथील कोणास विचारता येत असेल तर कृपया कळवावे.