विकर कोणते आणि ऊतक कोणते, हे आधी ठरवावे

नायट्रिक ऑक्साइड वायू दिल्याने काष्ठमय झाडांच्या ऊतकांतील विकरांची (एन्झाइमांची) क्रियाशीलता वाढते, हे विधान सरसकट स्वीकारता येणार नाही. हा वायू कॅटलेज या हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणाऱ्या विकराच्या हीममधील (लोहयुक्त गटातील) लोहाला बांधला जातो आणि ते विकर तात्पुरते मंदावते. उलट वाटाण्याच्या ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज या विकरामध्ये तो सिस्टीन या अमिनो आम्लाला जोडला गेल्यास क्रिया वाढते, तर टायरोसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे नायट्रीकरण (त्याला नायट्रो गट जोडला जाणे) झाल्यास तेच विकर दुबळे होते.

वाटाणा मात्र काष्ठमय नव्हे, म्हणून हा दाखला झाडाच्या काडीला तसाच लावता येत नाही. आमच्या खानापूर भागात आंब्या-काजूची कलमे बांधणाऱ्या कोणीही पाहिले असेल, की काडीला तिरपा काप दिल्यावर तिची फिकट हिरवी कड बघता बघता तपकिरी पडते. हे मुख्यतः पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराचे काम; ते काडीतील फिनॉल संयुगांचे ऑक्सिडीकरण करते. अशी काडी खलात कुटली की फिनॉले प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे अर्कात पीव्हीपीपी (फिनॉले शोषून घेणारी भुकटी) न घालता मोजलेली क्रियाशीलता वायूच्या परिणामापेक्षा कुटण्याचीच कहाणी अधिक सांगते.

शिवाय हा वायू देण्यासाठी आपण सारे सर्रास वापरतो ते सोडियम नायट्रोप्रुसाइड (स्वस्त पडते, हेच खरे कारण) उजेडात विघटन पावताना सायनाइडही सोडते, आणि सायनाइड कॅटलेज व पेरॉक्सिडेज दोन्हींना दाबते. म्हणून उजेडात ठेवून वायू निघून गेलेले द्रावण एका गटाला, आणि नायट्रोप्रुसाइडसोबत नायट्रिक ऑक्साइड शोषणारे सीपीटीआयओ हे रसायन दुसऱ्या गटाला तुलनेसाठी दिल्याखेरीज क्रियाशीलतेच्या आकड्यांवर मी तरी विसंबणार नाही.