मदत हवी आहे: उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलात हरणासाठी कुठे बसावं?

दक्षिणेला सॉक काउंटीत मका-सोयाबीनच्या कडेला बसलं की व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांचे कळप दिसतातच. यंदा नोव्हेंबरच्या 9 दिवसांच्या रायफल हंगामात उत्तरेच्या व्हायलस काउंटीतल्या सार्वजनिक जंगलात जायचंय. तिथे शेती जवळजवळ नाही, हिवाळा कडक, म्हणून हरणं विरळ. पाणथळीच्या वाटांवर 3 ट्रेल कॅमेरे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे) 3 आठवडे लावले: 2 माद्या, 1 पाडस, तेही रात्रीच. खोडांवर शिंगं घासल्याच्या खुणा मात्र ताज्या आहेत. टॅग (शिकारीचा परवाना) फक्त नराचा, आमिष टाकणार नाही, हाती दोनच दिवस. पाठलाग नको, एका जागी बसूनच शिकार करायची आहे. वारा वायव्येचा धरला तर बैठक 5-7 वर्षांपूर्वी तोडलेल्या ॲस्पन झाडांच्या, आता नव्याने फुटलेल्या कोवळ्या रानाकडेला घ्यावी, की सीडर झाडांच्या दलदलीतून बाहेर पडणाऱ्या वाटेवर?