माकडतापाच्या एलायझासाठी कोणते पुनर्संयोजित प्रथिन घ्यावे?

काजूबाग :
मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि माझे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आहे. २०१६ मध्ये आमच्याकडे माकडताप, म्हणजे क्यासनूर अरण्य रोग, आला तेव्हा ऐन हंगामात काजूच्या बागेत जायला लोक घाबरत होते. गोचिडीतून ही लागण नकळत किती जणांना होऊन गेली असेल, हे आयजीजी एलायझाने (रक्तातील जुन्या लागणीचे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, शोधणाऱ्या चाचणीने) तपासावे असा माझा विचार आहे. आमच्या प्रयोगशाळेत जिवंत विषाणू हाताळता येणार नाही, म्हणून पुनर्संयोजित, म्हणजे विषाणूचे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेले, प्रथिनच वापरावे लागेल. ई. कोलाय हे जिवाणू वाढवण्याची आणि निकेल कॉलमवर शुद्धीकरण करण्याची सोय आहे. विषाणूच्या आवरणातील ई प्रथिन घ्यावे की लागण झालेल्या पेशींतून बाहेर पडणारे एनएस१? डेंगी होऊन गेलेल्यांचे नमुने चुकून पॉझिटिव्ह ठरू नयेत, यासाठी काय करावे?

जुना पिपेट :
आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हा विषाणू डेंगीप्रमाणेच फ्लॅविव्हायरस आहे आणि ई प्रथिनाच्या दुसऱ्या डोमेनच्या (प्रथिनाच्या स्वतंत्र घडीच्या भागाच्या) टोकाला असलेला फ्यूजन लूप (विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारा तुकडा) या साऱ्या कुळात जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे डेंगी होऊन गेलेल्या माणसाचे प्रतिपिंड अख्ख्या ई प्रथिनाला सहज चिकटतात. म्हणून अख्खे ई टाळून केवळ तिसरा डोमेन घ्यावा. तो सुमारे १०० अमिनो आम्लांचा असून त्यात एकच डायसल्फाइड बंध (घडी टिकवणारा गंधकाचा दुवा) असतो, म्हणून ई. कोलायमध्ये तो करता येतो. प्रथिन इन्क्लुजन बॉडीत (जिवाणूतील न विरघळणाऱ्या गाठीत) अडकलेच, तर युरियात विरघळवून ग्लुटाथायोनच्या साहाय्याने हळूहळू पुन्हा घडी घालावी लागेल, आणि ती घडी नीट बसली की नाही हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण जेलवर स्वच्छ दिसणारा पट्टा प्रथिनाच्या आकाराविषयी काहीच सांगत नाही. मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माणसाच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपैकी तिसऱ्या डोमेनवर नेम धरणाऱ्यांचा वाटा थोडा असतो, त्यामुळे बऱ्याच वर्षांपूर्वी लागण झालेली माणसे निगेटिव्ह दिसू शकतात आणि ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

एनएस१ चे काम अधिक अवघड आहे. त्यात १२ सिस्टिन म्हणजे सहा डायसल्फाइड बंध असतात, त्यावर साखरेच्या साखळ्या असतात आणि पेशीबाहेर ते सहा-सहांच्या गटाने वावरते. एचईके २९३ या मानवी पेशी किंवा कीटकपेशी वापरता येत असतील तरच त्याच्या वाटेला जावे.

सह्यकडा :
वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एक भर घालतो. आपल्या प्रत्येकाच्या रक्तात ई. कोलायच्या प्रथिनांविरुद्धही थोडे प्रतिपिंड असतात, त्यामुळे शुद्धीकरणात उरलेली जिवाणूची प्रथिने खोटा रंग देतात. रिकाम्या प्लास्मिडचे (विषाणूचे जनुक न घातलेल्या डीएनए-वर्तुळाचे) ई. कोलाय अगदी त्याच पद्धतीने शुद्ध करून त्याचे लेपन एलायझा प्लेटच्या शेजारच्या विहिरींत (खळग्यांत) करावे आणि प्रत्येक नमुन्याच्या वाचनातून ते वजा करावे. कटऑफ (पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली सीमारेषा) ठरवताना केवळ निरोगी रक्तदात्यांचे सीरम पुरेसे नाही. जिथे माकडताप आढळलेला नाही अशा जिल्ह्यातील, डेंगीची खात्री झालेले सीरमही त्यात असायलाच हवे. माकडतापाचे खात्रीचे पॉझिटिव्ह सीरम आणि शेवटची न्यूट्रलायझेशन चाचणी (प्रतिपिंड जिवंत विषाणूला रोखतात का, हे पाहणारी) यांसाठी मार्गदर्शकांमार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेशी आधीच बोलून ठेवावे, कारण चौथ्या पातळीची जैवसुरक्षा प्रयोगशाळा तिथे आहे.

काजूबाग :
मनापासून आभार. आमच्याकडे कामाला येणाऱ्या कर्नाटकातील काही मजुरांनी जुनी फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस घेतली आहे. त्यांचे नमुने वगळावेत का?

जुना पिपेट :
वगळू नयेत, पण वेगळे नोंदवावेत. लशीतल्या ई प्रथिनामुळे तिसऱ्या डोमेनची चाचणी त्यांच्यात पॉझिटिव्ह येऊ शकते. निष्क्रिय लशीत एनएस१ अत्यल्प असते, म्हणून लस आणि लागण यांतील फरक पुढे कधी पाहायचा झाला तर एनएस१ चा उपयोग तिथेच आहे.

सह्यकडा :
नमुने हंगामात, तापाच्या रुग्णांकडून घेऊ नयेत. आजाराच्या पहिल्या दिवसांत रक्तात जिवंत विषाणू असतो आणि आपली प्रयोगशाळा त्यासाठी नाही. नीतिसमिती व संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची परवानगी तोवर मिळवावी आणि पावसाळ्यात बरे असलेल्या लोकांचे रक्त घ्यावे. गणपतीच्या सुमारास मुंबईचे चाकरमानीही गावी आलेले असतात, म्हणून ती व्यक्ती काजूच्या दिवसांत गावात होती का, हा प्रश्न अर्जात पहिलाच ठेवावा.