सोन्याचा खिळा खरंच ठोकला होता का?

घाटमाथा: सध्या मुलाकडे सॉल्ट लेक सिटीला आहे. शनिवारी त्याने प्रोमोंटरी समिट दाखवलं. सेंट्रल पॅसिफिक आणि युनियन पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ 10 मे 1869 ला जुळले ती जागा. अमेरिकेचा पूर्व-पश्चिम लोहमार्ग त्या दिवशी अखंड झाला आणि शेवटचा खिळा सोन्याचा ठोकला म्हणतात. ज्युपिटर आणि 119 ही इंजिनं तोंडाला तोंड लावून उभी असतात (1979 च्या प्रतिकृती, पण खरी वाफ!). सूनबाई म्हणाली, "बाबा, सोन्याचा खिळा घणाने चेपणार नाही का?" मी निरुत्तर. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त पीडब्ल्यूआय: सूनबाईंना शंभर मार्क! ठोकलाच नाही तो. लॉरेल लाकडाच्या स्लीपरला (रुळाखालच्या आडव्या ओंडक्याला) आधीच भोकं पाडली होती, त्यात नुसता बसवला. समारंभ उरकताच खिळा आणि स्लीपर दोन्ही काढले, साधा स्लीपर टाकला. शेवटचा खरा खिळा लोखंडी होता, घाव पडला की खबर आपोआप जावी म्हणून त्याला तारायंत्राची तार जोडलेली. सेंट्रल पॅसिफिकचे अध्यक्ष स्टॅनफर्डसाहेब, त्यांचा घाव हुकला म्हणतात. तरीही तारवाल्याने 'झालं' असं कळवून टाकलं! साहेबलोकांचं असंच. मी पीडब्ल्यूआय, म्हणजे रूळ निरीक्षक होतो, त्या आमच्या सेक्शनला फीत कापायला आलेल्यांनी कधी बीटर (स्लीपरखाली खडी ठोकायचं हत्यार) हातात धरला नाही.

मला विचाराल तर खरा दिवस 28 एप्रिल. सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात 10 मैल 56 फूट रूळ टाकले. तीस फुटी रूळ, एकेक अडीचशे किलोच्या आसपास, असे साडेतीन हजार. उचलणारे आठ आयरिश गडी, तेच आठ, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बाकी बहुतेक काम चिनी मजुरांचं. मशीन नाही, क्रेन नाही. माझी गँग दोन रूळ बदलून चहाला बसायची, आणि मी काही बोलायचो नाही.

बोरीबंदर५३: एक दुरुस्ती. त्या दिवशी लोहमार्ग अखंड झाला नव्हता. ओमाहाजवळ मिसुरी नदीवर पूल 1872 ला झाला, तोवर फेरीबोट. आपल्याकडे मुंबई-कलकत्ता मार्ग जबलपूरला 7 मार्च 1870 ला जुळला, म्हणजे दहा महिन्यांचंच अंतर.

घाटमाथा: आभार. मग खिळा आहे कुठे? आणि तिथे रूळ इतके थोडेच का?

निवृत्त पीडब्ल्यूआय: खिळा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात. लॉरेलचा स्लीपर 1906 च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोला जळाला. 1904 ला खाऱ्या सरोवरावरून थेट लाइन झाली, प्रोमोंटरी आडबाजूला पडलं. 1942 ला युद्धासाठी रूळ उपटून नेले. तुम्ही पाहिलेत ते नंतर टाकलेले. फिशप्लेटचा (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा) फोटो काढला असेल तर टाका.