मदत हवी आहे: फ्लोरिडात घटस्फोटासाठीचा पेरेंटिंग कोर्स चुकीचा घेतला, ४५ दिवस संपत आलेत

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो. आज अडलोय म्हणून लिहितोय.

आम्ही टॅम्पात राहतो. बायकोने हिल्सबरो काउंटीत घटस्फोटाचा अर्ज केलाय. मुलगी सहा वर्षांची आहे. कोर्टाचे कागद माणूस दारात येऊन हातात देऊन गेला, त्याला आज ३८ दिवस झाले. त्या गठ्ठ्यात एक पान होतं: लहान मूल असेल तर आईबाप दोघांनीही चार तासांचा पालक-शिक्षणाचा कोर्स करायचा, मी कागद मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत. ऑनलाइन चालतो.

एका रात्री मुलगी आईकडे होती आणि झोप लागत नव्हती. फोनवर शोधलं, पहिला दिसला तो घेतला. 'कोर्टमान्य, पन्नासही राज्यांत चालतो' असं वर ठळक अक्षरात लिहिलेलं. पहाटे साडेतीनला संपवला. सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का, खाली झोकदार सही, लग्नपत्रिकेलाही लाजवील असं. परवा तिच्या वकिलाची ईमेल आली की ही संस्था राज्याच्या मान्य यादीत नाही, हा कोर्स धरला जाणार नाही. पैसे परत मागितले तर कंपनी म्हणते, एकदा सर्टिफिकेट डाउनलोड केलं की परतावा नाही.

प्रश्न असे:
१. परत सगळा कोर्स करावाच लागेल का?
२. ४५ दिवस उलटले तर मुलगी भेटण्यावर परिणाम होतो का? हे विचारताना हात थरथरतोय, खरं सांगतो.
३. चार दिवसांनी नाशिकला निघतोय, वडिलांची बायपास आहे. तिथून कोर्स केला तर चालेल का?

वकील परवडत नाहीये, सगळं स्वतःच करतोय.

शेवंती
आधी वडिलांसाठी शुभेच्छा. मी ऑर्लंडोत, या सगळ्यातून गेले आहे.

हो, परत करावा लागेल. आणि या वेळी उलट्या क्रमाने जा. आधी यादी, मग कोर्स. फ्लोरिडात या कोर्सचं नाव 'पेरेंट एज्युकेशन अँड फॅमिली स्टॅबिलायझेशन कोर्स' असं आहे आणि मान्यता डिपार्टमेंट ऑफ चिल्ड्रन अँड फॅमिलीज देतं, म्हणजे डीसीएफ. त्यांच्या साइटवर मान्य संस्थांची यादी आहे. तिथूनच संस्थेच्या पानावर जा, गूगलवरून नको, कारण सारख्या नावांची दुकानं बरीच आहेत. 'पन्नासही राज्यांत' याला काही अर्थ नाही. कुठला कोर्स धरायचा हे त्या त्या राज्याचा कायदा आणि तिथलं कोर्ट ठरवतं. टेक्सासात माझ्या मावसभावाचं झालं तेव्हा तिथे चार ते बारा तासांच्या मर्यादेत न्यायाधीश सांगतील तेवढा, असा नियम होता.

लेकव्ह्यू_७४
चार तासांचा ना? मी गेल्या वर्षी जॅक्सनव्हिलला केला, ऑनलाइनच. संध्याकाळी बसलो, जेवायच्या आत संपला. पंचवीस-तीस डॉलर गेले असतील. लिंक पाठवू का?

शेवंती
@लेकव्ह्यू_७४ तुमचा सिग्नल तोडल्याचा होता का हो?

लेकव्ह्यू_७४
हो, तिकिटाचा. का?

शेवंती
तो 'बेसिक ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट', वाहतुकीचा नियम मोडल्यावरचा. तोही चार तासांचाच, म्हणून तर सगळे गोंधळतात. काही साइट्स दोन्ही एकाच पानावर विकतात, एक बटण इकडे, एक तिकडे. गोदाकाठ, तुम्ही बटण दाबण्याआधी नाव पूर्ण वाचा.

जुनाजाणता
सहा वर्षांची मुलगी आहे. कोर्स बिर्स सोडा, दोघं एकदा बसून बोला. आमच्या वेळी घरातल्या चार मोठ्या माणसांनी...

वाटाड्या
काका, धाग्याचा विषय कोर्स आहे.

गोदाकाठ, मी वकील नाही. पण एका लॉ फर्ममध्ये कागदपत्रांचं काम करतो, म्हणून हे कलम रोजचं झालंय: फ्लोरिडाच्या कायद्यातलं ६१.२१. प्रश्न २ बद्दल स्पष्ट सांगतो. कोर्स केलाच नाही तर कोर्ट अवमान धरू शकतं, मुलाची सामायिक जबाबदारी किंवा टाइम-शेअरिंग (म्हणजे मुलासोबतचा तुमचा वेळ) नाकारू शकतं. हे कागदावर आहे, म्हणून हलक्यात घेऊ नका. पण 'शकतं' म्हणजे आपोआप नाही. माझ्या पाहण्यात, मुदतीच्या मागेपुढे केलेला पण खरोखर केलेला कोर्स पुढे ठेवला की मामला पुढे सरकतो. अंतिम निकालाआधी तुमचा पुरावा फाइलवर हवाच, त्याला पर्याय नाही. सबळ कारण असेल तर कोर्ट सूटही देऊ शकतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. तुमच्याकडे अजून सात दिवस आहेत, तेव्हा त्या भानगडीत पडूच नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती आधी सांगा. अर्जाचं उत्तर दाखल केलंत का? त्याला कागद मिळाल्यापासून २० दिवस असतात. लोक कोर्सच्या मागे लागतात आणि उत्तर राहून जातं. मग समोरच्याला 'डिफॉल्ट' मागता येतो, म्हणजे तुमच्याशिवायच केस पुढे नेता येते.

गोदाकाठ
उत्तर सतराव्या दिवशी ई-फायलिंग पोर्टलवर टाकलं. पावती आहे.

वाटाड्या
मग निम्मी लढाई झाली. आता नाशिकचं. कोर्स विमानात चढायच्या आधी संपवा. नियमात कुठून करायचा हे नाही, पण आमच्या एका माणसाने पुण्यात बसून करायचा प्रयत्न केला, तर साइटने भारतातून उघडायलाच नकार दिला. शिवाय हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन 'वेगळ्या झालेल्या आईबापांची मुलं' वाचणार आहात का तुम्ही?

शेवंती
एका बैठकीत चार तास करू नका. बऱ्याच साइट्सवर प्रत्येक पानाला घड्याळ असतं, ते संपेपर्यंत 'पुढे' बटण उमटत नाही, म्हणून पटापट क्लिक करून काही मिळत नाही. मध्येच लॉगआउट केलं तर तिथूनच सुरू होतो. मी तीन संध्याकाळी केला, भांडी घासून झाल्यावर.

आणि केस नंबर नीट टाका. फॅमिलीच्या केसमध्ये मधोमध 'डीआर' अक्षरं असतात. माझा एक आकडा चुकला होता, क्लार्कच्या खिडकीवर दोनदा जावं लागलं.

गोदाकाठ
एक बावळट प्रश्न. मध्ये मध्ये स्वतःबद्दल लिहायला सांगतात. भांडणं होतात का, मुलीसमोर होतात का वगैरे. ते तिच्या वकिलाच्या हाती गेलं तर?

वाटाड्या
बावळट नाही, चांगला प्रश्न. त्याच कलमात आहे: या वर्गात तुम्ही जे सांगाल ते केसच्या निकालात विचारात घ्यायचं नाही, आणि वर्गाचा अहवाल केसच्या कागदांत जात नाही, दोघांनी लेखी मान्य केलं असेल तरच अपवाद. कोर्टात जातं ते फक्त सर्टिफिकेट. तेव्हा खरं लिहा.

गोदाकाठ
अपडेट.

यादीतला कोर्स घेतला. काल रात्री संपला, आज दिवस ४१वा. पहिल्या कोर्सात मी नुसता 'पुढे, पुढे' करत गेलो होतो. या वेळी घड्याळामुळे थांबावंच लागलं.

एका पानावर प्रसंग होता: बाप मुलाला गाडीतून उतरवताना सांगतो, आईला सांग, पुढच्या शनिवारी मला उशीर होईल. विचारलं होतं, इथे चूक काय? घड्याळात अजून चाळीसेक सेकंद होते. गेल्याच आठवड्यात मी हेच वाक्य बोललोय, जसंच्या तसं. मुलगी दप्तर पाठीवर घेऊन दारापर्यंत गेली, मग परत गाडीशी आली आणि विचारलं, "बाबा, किती उशीर सांगू?" 'पुढे' बटण उमटल्यावरही मी बराच वेळ दाबलं नाही.

आज बायकोला सरळ मेसेज केला की मी भारतात आहे तेवढे दोन शनिवार येणार नाही, मुलीला संध्याकाळी व्हिडिओ कॉल करीन. तिने फक्त 'ओके' लिहिलं. आमच्या सध्याच्या मानाने ते लांबलचक पत्र आहे.

सर्टिफिकेट पोर्टलवर टाकलंय, मान्य झाल्याची ईमेल आली. वकिलाला वेगळं पाठवायला हवं का?

वाटाड्या
पोर्टलवर टाकताना वकिलाचं नाव ई-सर्व्हिसच्या (कागदाची प्रत ईमेलने कुणाला जायची त्या) यादीत टिक केलं असेल तर आपोआप गेलंय. नसेल तर ईमेल करा आणि पाठवल्याची नोंद ठेवा. दोन-तीन दिवसांनी क्लार्कच्या साइटवर केस नंबर टाकून नोंद दिसते का बघा. पहिलं सोनेरी शिक्क्याचं फाइल केलं नव्हतं ना?

गोदाकाठ
नाही, फक्त वकिलाला पाठवलं होतं. आत्ता पाहिलं, नाव टिक केलेलं आहे. उद्या सकाळची फ्लाइट. नाशिकहून नोंद तपासतो.

जुनाजाणता
बाबांची तब्येत कळवत जा रे. नाशिकला रक्त वगैरे लागलं तर सांग, आमची माणसं आहेत पंचवटीत.